राणीछाप रुपयाला जास्तीचे पैसे मोजावेत का?

दिवाळी जवळ आली की आमच्याकडे येणारे प्रश्न बदलतात. श्रावणात बियाणं आणि पीकविम्याचे प्रश्न असतात. आता सगळे सोनाराच्या दुकानाचे आहेत. गटाचा वर्षाचा नफा वाटायचा असतो, कुणाची भिशी फुटलेली असते, कापसाचे नाहीतर सोयाबीनचे पैसे हातात आलेले असतात. आणि धनत्रयोदशीला चांदीचं नाणं घ्यायचं असतं.

या वेळी एकच प्रश्न तीन-चार गटांकडून आला. तो असा : "सोनाराकडे दोन प्रकारची नाणी आहेत. एक लक्ष्मीचं नवं नाणं, 10 ग्रॅमचं. दुसरा जुना राणीछाप रुपया. जुन्याला तो बरेच जास्त पैसे मागतो. म्हणतो, जुनी चांदी अस्सल असते आणि पुढे याचं मोल वाढतच जाणार. आम्ही गटातल्या दहाजणींनी जुने रुपये घ्यावेत का?"

आमचं उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांची चूल पेटलेली आहे त्यांनी तेवढं ऐकून गेलं तरी चालेल. बचत म्हणून घेत असाल तर जुन्या रुपयाला चांदीच्या भावापेक्षा फारसे जास्त पैसे देऊ नका. जुनेपणाचे पैसे आपण देतो ते लगेच, रोख. ते परत मिळायचे तर जुनेपणाची किंमत करणारं गिऱ्हाईक आपल्या दारात यावं लागतं, आणि ते सहसा येत नाही. घरात आजीचे, सासूबाईंचे रुपये आधीच असतील तर गोष्ट वेगळी आहे. तिच्याकडे मागून येऊ.

आधी हा रुपया आहे तरी काय, ते बघू. 1835 साली कंपनी सरकारने सगळ्या मुलखासाठी एकसारखा रुपया ठरवला. त्याचं वजन 11.66 ग्रॅम. बारा भागांतले अकरा भाग चांदी आणि एक भाग दुसरा धातू, म्हणजे मुख्यतः तांबं. हे वजन म्हणजेच जुना तोळा. आपल्या आज्या 'रुपयाभार हळद' म्हणायच्या तो रुपयाभार हाच. राण्या-राजे बदलले, पण हे वजन आणि हे प्रमाण शंभर वर्षांहून जास्त टिकलं. राणी व्हिक्टोरियाचा, मुकुट न घातलेल्या सातव्या एडवर्डचा, मुकुट घातलेल्या पाचव्या जॉर्जचा, सगळे रुपये एकाच मापाचे. लोक राजाचाही रुपया राणीछापच म्हणतात, त्यात काही बिघडत नाही.

आता हिशेब. 11.66 ग्रॅमच्या बारा भागांतले अकरा भाग म्हणजे 10.69 ग्रॅम शुद्ध चांदी. शंभरात जेमतेम 92. सोनाराकडच्या नव्या नाण्यावर 999 लिहिलेलं असतं, म्हणजे हजारात 999 भाग चांदी. तेव्हा 'जुनी चांदी अस्सल' हे म्हणणं ऐकायला गोड असलं तरी उलटं आहे. जुन्या रुपयात तांबं मुद्दाम घातलेलं होतं. निव्वळ चांदी मऊ असते, हातोहाती फिरून लवकर झिजली असती. रुपया दगडावर टाकला की खणखणीत वाजतो त्यालाही ते तांबं कारण आहे. वाईट काहीच नाही त्यात, पण त्यासाठी जास्त पैसे कशाला?

चांदीचा भाव रोज बदलतो, म्हणून हिशेबाला सोपा असा एक भाव धरू. समजा, शुद्ध चांदी ग्रॅमला 200 रुपये आहे. तुमच्या दिवशीचा भाव वेगळा असेल, तो घालून हाच हिशेब पुन्हा करा. जुन्या रुपयातली चांदी झाली 10.69 गुणिले 200, म्हणजे 2,138 रुपयांची. दुकानदार 2,600 मागतो असं धरू. म्हणजे 462 रुपये नुसत्या जुनेपणाचे. नवं 10 ग्रॅमचं नाणं 2,000 रुपयांचं, त्यावर घडणावळ समजा 150, त्यावर 3 टक्के जीएसटी, म्हणजे साधारण 2,215 रुपये. आता दहाजणींचे 26,000 रुपये जमले आहेत. त्यात जुने रुपये येतात 10, आणि चांदी मिळते 107 ग्रॅमला थोडी कमी. नवी नाणी घेतली तर येतात 11, चांदी जवळजवळ 110 ग्रॅम, आणि वर सोळाशे रुपये हातात उरतात.

ही झाली घेताना. मोडताना बघा. सोनार मोड घेताना चांदीचं वजन करतो, टंच बघतो, म्हणजे शंभरात चांदी किती ते, आणि घट धरतो. राणीच्या चेहऱ्याचे पैसे त्याच्या हिशेबात नसतात, कारण तो ते नाणं वितळवणारच असतो. 2,600 ला घेतलेला रुपया त्याच दिवशी मोडला आणि त्याने शंभराला पाच घट धरली, तर हातात येतील 2,030 च्या आसपास. जवळजवळ 570 रुपये गेले. नुसते दिलेले पैसे परत यायचे तर, घट न धरतासुद्धा, चांदीचा भाव 200 वरून 243 वर जायला हवा. चांदी वाढत नाही असं आम्ही म्हणत नाही. वाढते, आणि पडतेही. पण वाढली तर ती नव्या नाण्यातलीही वाढणारच आहे! त्या वाढीचं श्रेय जुन्या रुपयाला देऊ नका.

हाच हिशेब बँकेतही लागू होतो, आणि आपल्याला तो जास्त उपयोगी आहे, कारण अडीनडीला आपण चांदी विकण्याआधी गहाण ठेवायचा विचार करतो. रिझर्व्ह बँकेने सोन्या-चांदीच्या तारणावरच्या कर्जाचे नवे नियम 2025 साली काढले, ते 1 एप्रिल 2026 पासून लागू. त्यात चांदीचे दागिने आणि नाणी तारण घेता येतात, विटा आणि लगडी नाही. नाण्यांना एका कर्जदाराला 500 ग्रॅमची मर्यादा आहे. कर्ज अडीच लाखांच्या आत असेल तर तारणाच्या किमतीच्या 85 टक्क्यांपर्यंत मिळू शकतं. पण किंमत धरतात ती आतल्या चांदीची. नाणं शंभर वर्षांचं आहे की कालचं, हे तिथे कुणी विचारात घेत नाही. आणि तुमची शाखा चांदीवर कर्ज देते का, जुना रुपया तारण घेते का, हे नाणं खरेदी करायच्या आधी जाऊन विचारा. नियमात असणं आणि आपल्या तालुक्याच्या शाखेत होणं यात कधीकधी दोन पावसाळे जातात.

आता एक खड्डा सांगतो, ज्यात पाय गेला तर अर्धे पैसे जातात. सगळे राजाछाप रुपये सारखे नाहीत. सहाव्या जॉर्जचा रुपया 1938 आणि 1939 सालचा जुन्याच मापाचा आहे. पण दुसरं महायुद्ध सुरू झालं, लोक चांदीचे रुपये गाडग्या-मडक्यांत साठवू लागले, सरकारला चांदी पुरेना. मग 1940 पासून सरकारने रुपयातली चांदी निम्म्यावर आणली. 1940 ते 1945 च्या रुपयात शंभरात 50 भागच चांदी आहे, बाकी तांबं, निकेल आणि जस्त. वजन तेच, 11.66 ग्रॅम. आकार तोच. हातात घेतला तर फरक कळत नाही. चांदी मात्र फक्त 5.83 ग्रॅम, म्हणजे आपल्या धरलेल्या भावाने 1,166 रुपयांची. हा रुपया 'जुना चांदीचा' म्हणून कुणी 2,138 ला जरी दिला, अगदी एक पैसाही जास्त न घेता, तरी तुमचे हजाराच्या जवळ गेले.

ओळखायचं कसं? साल वाचा. इंग्रजी आकडे असतात, शाळेतली कोणतीही पोरगी वाचून दाखवेल. साल झिजलं असेल तर कड बघा. आधीच्या रुपयांच्या कडेला नुसत्या उभ्या रेघा आहेत. 1940 नंतरच्यांच्या कडेला त्या रेघांमधून मधोमध एक वेगळी खाच फिरवलेली आहे, नक्कल करणाऱ्यांना जड जावं म्हणून. आणि 1947 चा, मागे वाघ असलेला रुपया तर निकेलचा आहे, चांदी अजिबात नाही. युद्धात अमेरिकेकडून उसनी आणलेली चांदी सरकारला परत करायची होती, म्हणून रुपयातून चांदीच काढून घेतली. तो रुपया लोहचुंबकाला चिकटतो. चांदी चिकटत नाही.

पण चुंबकावर फार विसंबू नका. जर्मन सिल्व्हर नावाचा धातू असतो, नावात सिल्व्हर आहे तेवढंच, आत तांबं, निकेल आणि जस्त. तो चुंबकाला चिकटत नाही, दिसतो चांदीसारखा. त्याचे किंवा चांदीचं पाणी दिलेल्या तांब्या-पितळेचे नकली राणीछाप जत्रेत, बाजारात मिळतात. वाजवून बघणंही पुरत नाही. जुने सराफ आवाजावरून ओळखायचे, पण त्यांच्या कानांवरून रोज शेकड्यांनी रुपये जात होते. आपल्याला तो सराव नाही.

यासाठी गटात करता येईल अशी एक परीक्षा आहे. पाण्याची. आम्ही ती मीटिंगमध्ये करून बघितली आहे. यासाठी लागतो दोन दशांशापर्यंत वजन दाखवणारा खिशातला छोटा काटा. काही शे रुपयांत मिळतो, गटाने मिळून एक घ्यावा. प्लास्टिकची वाटी, पाणी आणि शिवणाचा बारीक दोरा घरचाच. आधी कोरडं नाणं काट्यावर ठेवून वजन लिहून घ्या. समजा, 11.66 आलं. मग काट्यावर पाण्याने अर्धी भरलेली वाटी ठेवा आणि काटा शून्यावर आणा. आता नाणं दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असं हाताने धरा. तळाला टेकू द्यायचं नाही, कडेला लागू द्यायचं नाही. नाण्याला बुडबुडे चिकटले असतील तर हळूच हलवून सोडवा. काट्यावर जो आकडा येईल तो लिहा. आता कोरड्या वजनाला त्या आकड्याने भागा.

चांगला जुना रुपया असेल तर पाण्यातला आकडा 1.13 च्या आसपास येतो आणि भागाकार 10.3 च्या जवळपास. निम्म्या चांदीचा, 1940 नंतरचा असेल तर पाण्यात 1.22 आणि भागाकार साडेनऊ. जर्मन सिल्व्हर असेल तर पाण्यात 1.35 च्या घरात आणि भागाकार साडेआठ-पावणेनऊ. नवं 999 चं 10 ग्रॅमचं नाणं पाण्यात 0.95 दाखवतं, भागाकार साडेदहाच्या जवळ. झिजलेल्या रुपयाचं वजन कमी भरेल, पण भागाकार तोच येतो, कारण झिजल्याने धातू कमी होतो, बदलत नाही. हात थरथरला तर आकडा हलतो, म्हणून तीनदा करा. मोठ्या सराफाकडे टंच सांगणारं यंत्र असतं, गावोगावच्या छोट्या सोनाराकडे नसतं. पैसे जास्त अडकणार असतील तर तालुक्याला जाऊन यंत्रावर तपासणं चांगलंच. पण ती एक चक्कर करायची की नाही, हे वाटी आणि दोरा सांगतो.

वजनाचीही एक गंमत आहे. आज आपल्याकडे तोळा म्हणजे 10 ग्रॅम असं बोलतात. जुना तोळा 11.66 चा. त्यामुळे दुकानात 'एक तोळ्याचं नाणं' असा शब्द आला की लगेच विचारा, कुठला तोळा? ग्रॅममध्ये सांगा. ग्रॅम कुणाच्या बाजूचे नसतात.

आता काहीजणी म्हणतील, पण जुनी नाणी लाखाला विकली गेल्याचं आम्ही ऐकलंय. खोटं नाही. नाणी जमवणारे लोक असतात, मुंबई-पुण्यात त्यांचे लिलाव होतात, आणि एखाद्या रुपयाला चांदीच्या कितीतरी पट किंमत मिळते. पण कशाला मिळते, ते समजून घ्या. जुनं आहे म्हणून नाही. थोडं आहे आणि न झिजलेलं आहे म्हणून. आपल्याकडे सहज मिळणारे रुपये थोडे नाहीत. एकट्या 1918 साली मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळीत मिळून 40 कोटींच्या आसपास रुपये पाडले गेले. पहिलं महायुद्ध चाललं होतं, रुपयांची मागणी भयंकर होती. त्या सालाचा रुपया शंभर वर्षांचा होऊन गेला, पण दुर्मिळ कसा म्हणायचा? व्हिक्टोरियाच्या रुपयावर 1862 साल फार दिसतं. दुकानदार सांगतो, बघा, किती जुना! खरी गोष्ट अशी, की तेच 1862 साल घालून पुढे 1874 पर्यंत रुपये पाडत राहिले. बारा वर्षांचे रुपये, साल एकच.

खरंच दुर्मिळ कोणते? 1939 चा रुपया तसा आहे. आणि 1911 चा, त्याची कथा तर ऐकण्यासारखी आहे. पाचवा जॉर्ज गादीवर आला, त्याचा पहिला रुपया निघाला. राजाच्या झग्यावर एक हत्ती कोरलेला होता, पण तो इतका बारीक, की लोकांना तो डुक्कर वाटला. हिंदू नाराज, मुसलमान नाराज. सरकारने बाहेर पडलेले थोडे रुपये सोडून बाकीचे वितळवले आणि 1912 पासून हत्ती नीट सोंड-बिंड दाखवून काढला. म्हणून 1911 चा रुपया जमवणाऱ्यांना हवा असतो. आणि नेमका म्हणूनच त्याचे नकली सगळ्यात जास्त फिरतात. दुर्मिळ नाणं ओळखून, पारखून, योग्य भावात घेणं हा एक धंदा आहे, आयुष्यभर शिकायचा. दहाजणींच्या बचतीने तो शिकू नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

आता घरातल्या रुपयांकडे येऊ. कुणाच्या कणगीखाली, कुणाच्या देव्हाऱ्यात, कुणाच्या सासूबाईंच्या लुगड्याच्या गाठीत राणीछाप रुपये निघतात. कुणाकडे चवल्या-पावल्यांचा हार असतो. या नाण्यांना आपण जास्तीचे पैसे दिलेले नाहीत. ती आली आहेत तशी आली आहेत. इथे नियम उलटा : ती चांदीच्या भावात घाईने देऊन टाकू नका. दारावर येणारा फेरीवाला 'जुनी चांदी, काळी पडलीय' म्हणून वजनावर, तेही स्वतःच्या काट्यावर घेतो. काळी पडणं म्हणजे वरचा थर फक्त, चांदी आत तेवढीच असते. आधी घरातल्या पोरांना बसवा आणि वहीत लिहा : साल, राजा की राणी, वजन, आणि कडी जोडलेली आहे का. कडी लावून हारात ओवलेल्या नाण्याला जमवणारे फार भाव देत नाहीत, आणि सोनार डागाचं वजन वजा करतो, हे धरून चाला. एखादं 1911 किंवा 1939 निघालं, किंवा एखादा रुपया अगदी न झिजलेला, राजाच्या मुकुटाची नक्षी मोजता येईल असा निघाला, तर तो बाजूला ठेवा आणि जाणकाराला दाखवल्याशिवाय देऊ नका.

आणि घासू नका. हे आम्ही मुद्दाम जोरात सांगतो, कारण आपला हात लगेच चिंचेकडे आणि राखेकडे जातो. घासलेलं नाणं लखलखीत दिसतं, पण त्यावर बारीक चरे पडतात आणि जमवणारा ते नाणं नाकारतो किंवा भाव पाडतो. देव्हाऱ्यातला नेहमीचा रुपया घासा हवा तर. ज्याचं साल वेगळं वाटतं त्याला हात लावू नका.

वहीत लिहायचं आणखी एक कारण आहे. लेकींच्या वाटणीत रुपये मोजून वाटले जातात, 'तुला पाच, तिला पाच'. पाच रुपये 1918 चे आणि पाच 1943 चे असले तर एकीला 53 ग्रॅम चांदी गेली आणि दुसरीला 29. दोघी बहिणींना कळणारही नाही, आणि कळलं तर पुढच्या भाऊबीजेला कळेल. वाटणी शुद्ध चांदीच्या ग्रॅमवर करा. अधेली, पावली, चवलीही त्याच हिशेबात येतात. रुपयाच्या निम्मं, पाव आणि आठवा हिस्सा वजन. फक्त त्यांचंही साल बघा, कारण 1940 नंतरच्या पावलीतही चांदी निम्मीच आहे.

फसवणुकीचे दोन-तीन प्रकार घाईघाईने सांगतो. कुणी म्हणालं, घराचा पाया खणताना हंडा सापडला, गुपचूप स्वस्तात देतो, तर उभं राहायचं नाही. पहिलं नाणं खरं दाखवतात, पुढची पिशवी नकली असते. शिवाय 1878 च्या कायद्यानुसार जमिनीत पुरलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. म्हणजे माल खरा निघाला तरी तुम्ही अडकाल. दुसरं, फोनवर किंवा मोबाईलच्या जाहिरातीत 'तुमचं जुनं नाणं लाखात घेतो, आधी नोंदणीचे पैसे भरा' असं येतं, कधी रिझर्व्ह बँकेच्या नावाने. रिझर्व्ह बँकेने 2021 सालीच जाहीर सांगितलं आहे, की ती असल्या व्यवहारात नसते आणि असले पैसे कधी मागत नाही. तिसरं, रामदरबाराचं चित्र आणि 1818 साल असलेला 'ईस्ट इंडिया कंपनीचा आणा'. कंपनीने असं नाणं कधी पाडलेलं नाही. त्याने तांदूळ ओढले जातात असं दाखवणारे तर सरळ ठग आहेत. आणि शंभर वर्षांहून जुनं नाणं परदेशातल्या लेकीकडे पाठवायचा विचार असेल तर थांबा. कायद्याने ती पुरावस्तू धरली जाते आणि देशाबाहेर नेता येत नाही.

मग नवं नाणं घेताना काय बघायचं? त्यावर 999 आणि ग्रॅम कोरलेले असावेत. पक्कं बिल घ्या, बिलावर चांदीचा त्या दिवशीचा भाव, वजन आणि घडणावळ वेगवेगळी लिहून घ्या. नक्षीचं, रंगीत मीना केलेलं, मखमली डबीतलं नाणं घेऊ नका, डबीचे पैसे मोडीत येत नाहीत. सोन्यासारखी चांदीला हॉलमार्कची सक्ती नाही. पण सप्टेंबर 2025 पासून चांदीच्या वस्तूंनाही हवा असेल तर सहा अक्षर-आकड्यांच्या ओळखक्रमांकाचा हॉलमार्क घेता येतो आणि तो सरकारी 'बीआयएस केअर' ॲपवर तपासता येतो. तसा माल मिळाला तर घ्या. आणि पैसे द्यायच्या आधी एकच प्रश्न विचारा : "हेच नाणं पुढच्या वर्षी परत आणलं तर घट किती धरणार?" जो दुकानदार ते बिलाच्या मागे लिहून देतो, त्याच्याकडे घडणावळ दहा-वीस रुपये जास्त असली तरी चालेल.

राहिला पूजेचा प्रश्न. एका ताईंनी विचारलंय, "आमच्याकडे लक्ष्मीपूजनाला राणीछापच लागतो, सासूबाईंचा हट्ट आहे, आणि आमचा रुपया मागे धाकट्या जावेकडे गेला. मग काय करू?" तर ताई, एकच घ्या, आणि तो बचतीच्या वहीत न लिहिता सणाच्या खर्चात लिहा, फराळाच्या शेजारी. साल 1939 च्या अलीकडचं नको. चकचकीत, कोऱ्या रुपयाला दुकानदार जास्त मागतो, म्हणून झिजलेला मागा. राणीचं नाक सपाट झालेलं असलं तरी पूजेला चालतं, आणि तसला रुपया चांदीच्या भावाच्या जवळपास मिळतो. झिजल्यामुळे तो 11.66 भरणार नाही, 11.2 किंवा 11.3 भरेल. तेवढ्याच वजनाचे पैसे द्या.